तळं किती मोठं हवं?

चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा आणि इरई या नद्यांच्या आजूबाजूला जी काळी जमीन पसरली आहे, तिच्या पोटात गोंडवन काळातला कोळसा आहे. खुल्या खाणीतून तो काढायचा तर वरची काळी माती, तिच्याखालचे गाळाचे थर, कामठीचा वालुकाश्म, शेल असं सगळं आधी उचलून बाजूला रचावं लागतं. खाणीवरची माणसं या दगडमातीला 'ओबी' म्हणतात. वणी, घुग्घुस, माजरी, बल्लारपूर या पट्ट्यातून जाताना सपाट माथ्याचे जे डोंगर दिसतात ते बहुतेक या ओबीचेच. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथे साधारण हजार ते बाराशे मिलिमीटर पाऊस होतो आणि तो गवत नसलेल्या, नुकत्याच ओतलेल्या उतारांवर पडला की माती घेऊनच खाली येतो. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी चर काढायचे, चरांचं पाणी एका खड्ड्यात आणायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळलेलं पाणी नाल्यात सोडायचं, ही त्यावरची जगभरची रीत. त्या खड्ड्याला खाणीवर सेटलिंग पाँड म्हणतात; आपण निवळण तळं म्हणू. कागदोपत्री या तळ्याची ओळख बहुधा एकाच आकड्याने करून दिली जाते: त्यात किती घनमीटर पाणी मावतं. या प्रकरणाचं म्हणणं असं की हा प्रश्न दुसरा-तिसरा आहे. पहिला प्रश्न, येणाऱ्या पाण्यातला कण किती बारीक आहे हा. त्याचं उत्तर एकदा नीट मांडलं, की तळ्याची आखणी तळ्याच्या बरीच वर, ढिगाऱ्याच्या उतारावर सुरू करावी लागते.

केंब्रिजचे गणिती जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला तो लंबकाच्या हालचालीवर द्रवाच्या अंतर्गत घर्षणाचा काय परिणाम होतो याविषयी होता. खाणीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पण लहान गोल कण स्थिर पाण्यात किती वेगाने खाली जातो, याचं सूत्र त्यातूनच हाती लागलं आणि गाळ बसवण्याचं सगळं शास्त्र अजून त्यावर उभं आहे. सूत्रातली कळीची गोष्ट अशी की वेग कणाच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. व्यास दहापट कमी झाला की वेग शंभरपट कमी होतो. दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण एक मीटर खोल पाण्यात दोनेक मिनिटांत तळाला जातो. शतांश मिलिमीटरच्या, म्हणजे दहा मायक्रॉनच्या कणाला त्याच एका मीटरसाठी तीन तास लागतात. एक मायक्रॉनचा चिकणकण घेतला तर जवळपास तेरा दिवस. कोळशाच्या भुकटीचं प्रकरण याहून बिकट आहे. दगडाची घनता पाण्याच्या सुमारे २.६५ पट, कोळशाची १.४ च्या आसपास. कणाला खाली ओढणारं बळ हे पाण्याहून जितका तो जड तितकंच असतं. म्हणजे दगडासाठी १.६५ आणि कोळशासाठी ०.४. एवढ्याच आकाराचा कोळशाचा कण म्हणून चौपट वेळ घेतो. कोळसा हाताळणीच्या आवारातून, रेल्वे सायडिंगवरून आणि डंपरच्या रस्त्यांवरून येणारं काळं पाणी मातीच्या पाण्यात न मिसळता वेगळं निवळावं, असं जाणकार सांगतात ते यामुळेच.

आता खोलीबद्दल. जागा थोडी असेल तर तळं खोल खणावं, असं कुणालाही वाटेल. खाणीवर खणण्याची यंत्रं तर दाराशीच उभी असतात. हा समज अमेरिकन पाणीपुरवठा अभियंता अ‍ॅलन हेझन यांनी १९०४ च्या एका निबंधात मोडीत काढला. तळं दुप्पट खोल केलं तर पाणी त्यात दुप्पट वेळ राहतं हे खरं, पण कणालाही तळापर्यंत दुप्पट अंतर कापावं लागतं. दोन्ही दुपटी एकमेकींना खाऊन टाकतात आणि हिशेबातून खोली निघून जाते. उरतात दोनच गोष्टी: सेकंदाला किती पाणी येतं आणि तळ्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ किती आहे. पहिलीला दुसरीने भागलं की एक वेग मिळतो. ज्या कणाचा बसण्याचा वेग त्याहून जास्त, तो तळ्यात राहील. ज्याचा कमी, त्यातला बराचसा पाण्याबरोबर बाहेर जाईल. खोलीचं काम वेगळं आहे. साचलेल्या गाळाला जागा हवी, आणि वरून जोरात आलेल्या पाण्याने तो पुन्हा ढवळला जाऊ नये एवढं अंतर हवं. या दोन कारणांसाठी खोली जरूर द्यावी. पण दोन हेक्टरांचं काम अर्ध्या हेक्टरात चौपट खोल खणून होत नाही, आणि 'अमुक लाख घनमीटर क्षमता' हा आकडा नेमकी हीच गोष्ट झाकून ठेवतो.

एक उदाहरण आकड्यांत करून पाहू. पन्नास हेक्टरांवर पसरलेला ओबीचा ढिगारा आहे. त्यावर तासाला ६० मिलिमीटर या जोराने सर आली आणि त्यातलं साठ टक्के पाणी वाहून खाली आलं, असं धरू. विदर्भातल्या पावसाळ्यात यात काही अतिशयोक्ती नाही. हिशेब केला तर तळ्याच्या तोंडाशी सेकंदाला पाच घनमीटर पाणी येतं. वीस मायक्रॉनपर्यंतचे कण अडवायचे असतील तर तळ्याचं क्षेत्रफळ १.४ हेक्टर लागेल. एवढं जमण्यासारखं आहे. दहा मायक्रॉनपर्यंत जायचं म्हटलं तर ५.६ हेक्टर, खाणीचा व्यवस्थापक इथे कपाळाला आठ्या घालील, पण तेही अशक्य नाही. दोन मायक्रॉनपर्यंतचा चिकणकण धरायचा असेल तर १३९ हेक्टर. म्हणजे ढिगाऱ्यापेक्षा त्याचं पाणी निवळण्याचं तळं पावणेतीनपटीहून मोठं. आणि हे सगळे आकडे पुस्तकातल्या शांत पाण्याचे आहेत. वारा, भोवरे आणि वेडावाकडा प्रवाह धरला तर ते वाढतीलच. यावर अभियंते रास्त शंका घेतात की सरीचा कळस तासभरही टिकत नाही, तळं पाणी साठवून ठेवतं आणि बाहेर जाणारा प्रवाह त्यामुळे बराच मंद होतो. मान्य. तो पाचपट मंद झाला असं धरलं, तरी चिकणकणासाठी अठ्ठावीस हेक्टर लागतातच. आणि इथे चिकणकण हा अपवाद नाही. ज्या गटात आपली काळी कापसाची जमीन मोडते त्या गटात बसण्यासाठीच मातीत किमान तीस टक्के चिकणकण असावे लागतात, आणि विदर्भातल्या काळ्या मातीत ते बऱ्याचदा पन्नास टक्क्यांच्या घरात असतात. चिकणकण म्हणजे दोन मायक्रॉनहून बारीक. खाणकामाच्या आधी वरची काळी माती वेगळी खरवडून वेगळी साठवण्याचा जो नियम आहे, तो पुढे झाडं लावण्यासाठी माती हाताशी असावी म्हणून आहे, असं सहसा समजतात. पाणी निवळण्याच्या दृष्टीनेही तो तितकाच महत्त्वाचा आहे: ही माती ओबीत मिसळली की ढिगाऱ्यावरून येणारं पाणी कुठलंच तळं पुरतं निवळू शकत नाही.

भारतात कोळसा खाणीतून बाहेर सोडल्या जाणाऱ्या पाण्यासाठी २००० साली मानकं ठरली. त्यानुसार तरंगत्या घनकणांची मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम आहे. उघड्या ढिगाऱ्यावरून येणाऱ्या पाण्यात लिटरला दहा हजार मिलिग्रॅम गाळ आहे आणि त्यातला वीस टक्के दहा मायक्रॉनहून बारीक आहे, असं समजू. आपण ५.६ हेक्टरांचं तळं बांधलं, ते अगदी पुस्तकातल्यासारखं चाललं आणि दहा मायक्रॉनवरचा कण न् कण त्यात अडकला, तरी बारीक कणांचा मोठा हिस्सा पुढे जाणार, आणि लिटरला दोन हजार मिलिग्रॅमपैकी किती थांबेल हे त्या कणांच्या बारीकपणावर ठरणार. मर्यादेच्या कैकपट गाळ बाहेर पडेल. तळं दुप्पट केलं तर? वेग व्यासाच्या वर्गावर चालतो, म्हणून क्षेत्रफळ दुप्पट करून अडणारा कण फक्त १.४ पट बारीक होतो. दहाच्या जागी सात मायक्रॉन, एवढीच कमाई. निम्म्या आकाराचा कण धरायचा तर चौपट जागा. निवळण तळ्याच्या सगळ्या अर्थकारणाची नस इथे आहे: मोठ्या कणांसाठी ते स्वस्त आणि खात्रीचं साधन आहे, आणि एका टप्प्यानंतर त्यात ओतलेल्या प्रत्येक रुपयाचा परतावा झपाट्याने घटत जातो.

अमेरिकेच्या नियमांत ही अडचण वेगळ्या वाटेने मान्य केलेली दिसते. तिथे ३ ऑगस्ट १९७७ रोजी जिमी कार्टर यांच्या सहीने खुल्या कोळसा खाणींचा राष्ट्रीय कायदा झाला आणि पाण्याची मानकं पर्यावरण संस्थेने ठरवली. नव्या खाणींच्या पाण्यात एरवी तरंगते घनकण लिटरला ७० मिलिग्रॅमच्या आत, महिन्याची सरासरी ३५. पण पाऊस पडत असताना, दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या चोवीस तासांच्या पावसापर्यंत, ही मर्यादा बाजूला ठेवून 'बसणाऱ्या' गाळाची मर्यादा लावता येते: लिटरला अर्धा मिलिलिटर. हा गाळ मोजण्याचं साधन म्हणजे इम्हॉफ शंकू. लिटरभर पाणी मावेल असा पारदर्शक शंकू, टोक खाली करून स्टँडमध्ये उभा ठेवलेला, टोकाशी मिलिलिटरच्या बारीक खुणा. नमुना ओतायचा, पाऊण तास थांबायचं, आतल्या भिंतींना चिकटलेला गाळ काडीने हलकेच सोडवायचा, आणखी पंधरा मिनिटं थांबायचं आणि टोकाशी किती गाळ जमला ते वाचायचं. काळ्या मातीचं पाणी यात ओतलं तर तासाभराने टोकाशी चिमूटभर वाळू-पोयटा दिसेल आणि वरचा सगळा शंकू तितकाच तपकिरी असेल. नमुना पास. माझ्या मते हा नियम एकाच वेळी प्रामाणिक आणि सोयीचा आहे. तळं जे करू शकत नाही ते त्याच्याकडून मागायचं नाही, हा प्रामाणिकपणा. आणि जे मागितलं नाही ते नाल्यात गेलं तरी कागदावर दिसत नाही, ही सोय. आपला शंभर मिलिग्रॅमचा आकडा दिसायला कडक आहे. पण नमुना कोरड्या दिवशी घेतला की तो पाळणं अवघड नाही, आणि गाळ कोरड्या दिवशी वाहत नाही.

मग तुरटी टाका, असं कुणीही म्हणेल. माठातलं गढूळ पाणी तुरटी फिरवून घराघरांत निवळलं जात होतं, खाणीवर का निवळू नये? चिकणकणांवर ऋण विद्युतभार असतो, ते एकमेकांना दूर लोटतात आणि म्हणून सुटे राहतात. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम किंवा जिप्समचं कॅल्शियम तो भार मारतं, कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि मोठ्या कणांसारख्या खाली बसतात. हे तंत्र चालतं, यात वाद नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेत, जिला तिथे तिच्या मुखपृष्ठावरून 'ब्लू बुक' म्हणतात, मातीचे प्रकारच निवळण तळ्याच्या दृष्टीने पाडले आहेत: भरड, बारीक आणि पाण्यात विरघळल्यासारखी विस्कटणारी. भरड मातीसाठी वाहतं तळं चालतं. बारीक आणि विस्कटणाऱ्या मातीसाठी मात्र पाणी अडवून धरायचं, विस्कटणारी असेल तर जिप्समसारखं द्रव्य टाकून ते निवळायचं, आणि साधारण पाच दिवसांत तळं रिकामं करून पुढच्या पावसाला तयार ठेवायचं. मातीपासून सुरुवात करणारी ही पद्धत मला आपल्या कागदांवरच्या एकरकमी क्षमतेपेक्षा कितीतरी शहाणी वाटते. पण ती जशीच्या तशी उचलून घुग्घुसला आणली तर पहिल्याच झडीत फसेल. दोन पावसांमध्ये पाच दिवसांची उसंत मिळते, हे तिचं गृहीतक आहे. विदर्भात जुलै-ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागरावरून एकामागून एक कमी दाबाचे पट्टे येतात आणि पाऊस आठ-आठ दिवस हटत नाही. तळं रिकामं होण्याआधी पुन्हा भरतं. वाहत्या पाण्यात द्रव्य सोडायचं तर प्रवाह मिनिटामिनिटाला बदलतो आणि मात्रा त्याच्या मागे धावत राहते. तुरटी जास्त पडली तर पाणी आम्लधर्मी होतं, कमी पडली तर गुठळ्या होत नाहीत. म्हणून रसायन तिथे वापरावं जिथे प्रवाह आपल्या हातात आहे: खाणीच्या तळाशी जो संप असतो, तिथे साचलेलं पाणी पंपाने उपसून वर येतं आणि पंपाचं बटण आपल्या बोटाखाली असतं. ढिगाऱ्यावरून धावत येणाऱ्या पाण्याला बटण नाही.

याहून वजनदार आक्षेप असा: पावसाळ्यात वर्धा नदी स्वतःच तपकिरी असते. शेतांतून, नाल्यांच्या काठांतून लाखो टन माती ती दरवर्षी नेते. मग खाणीच्या पाण्यातल्या काही मिलिग्रॅमसाठी एवढा आटापिटा कशासाठी? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही; अमेरिकेने तो नियमात मान्य केला आहे. पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांत नैसर्गिक प्रवाहच इतके गढूळ असतात की खाणीच्या तळ्यातून बाहेर पडलेलं स्वच्छ पाणी खाली जाऊन ओढ्याचा तळ आणि काठ खरवडतं, कारण गाळ वाहून नेण्याची त्याची ताकद वापराविना शिल्लक असते. म्हणून २००२ मध्ये पर्यावरण संस्थेने त्या भागातल्या अल्कधर्मी पाण्याच्या खाणींसाठी, जिथे जमीन पूर्ववत करण्याचं काम चालू आहे अशा क्षेत्रांत, मिलिग्रॅमची मर्यादा काढून टाकली. पण त्या जागी काय आलं ते पाहण्यासारखं आहे. खाण सुरू होण्यापूर्वी त्या जमिनीवरून जेवढा गाळ येत होता त्याहून जास्त येता कामा नये, अशी अट आली, आणि ती पाळण्याची साधनं म्हणून उताराची ठेवण, गवत, आच्छादन, छोटे बांध यांची योजना सक्तीची झाली. आक्षेपातून सुटका निघाली नाही. काम तळ्याकडून उताराकडे सरकलं. आपल्याकडे तर आक्षेप अर्धाच लागू पडतो. खाणीचं पाणी थेट वर्धेत पडतं असं क्वचितच होतं. ते आधी गावाच्या नाल्यात पडतं, आणि नाला म्हणजे नदी नव्हे. त्याचं पात्र अरुंद, उतार कमी, प्रवाह पावसापुरता. नदीला जो गाळ किरकोळ वाटतो तोच नाल्याचा तळ उथळ करतो, मोरीखाली साचतो आणि पुढच्या मोठ्या पावसात पाणी शेजारच्या शेतात पसरवतो. शेतात येऊन बसणारा हा थर नदीकाठच्या पोयट्यासारखा सुपीकही नसतो. खोलवरच्या खडकाचा चुरा आणि कोळशाची भुकटी यांत सेंद्रिय द्रव्य नाही, नत्र नाही. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ मध्ये महाराष्ट्रात सुरू झाली. तिच्यातला तलावाचा गाळ शेतकरी स्वखुशीने ट्रॅक्टर लावून नेतो. निवळण तळ्यातला गाळ त्याने का न्यावा, याला काही कारण नाही.

मग उतारावर काय करता येतं? विश्मायर आणि स्मिथ या अमेरिकन मृदातज्ज्ञांनी प्रयोगक्षेत्रांवरच्या वर्षानुवर्षांच्या मोजमापांतून मातीच्या धुपीचं एक समीकरण बसवलं. १९६५ आणि १९७८ मध्ये ते त्यांच्या कृषी खात्याने पुस्तिकारूपात छापलं. पावसाचा जोर, मातीचा स्वभाव, उताराची लांबी आणि चढ, जमिनीवरचं आच्छादन, केलेले उपाय अशा घटकांचा हा गुणाकार आहे. त्यात आच्छादनाचा घटक उघड्या नांगरलेल्या जमिनीसाठी १ आहे आणि दाट गवतासाठी ०.०१ किंवा त्याहूनही कमी. समीकरण शेतजमिनींसाठी बसवलेलं आहे, ओबीच्या खड्या उतारांवर ते अक्षरशः लावता येणार नाही, हे खरं. तरी प्रमाण लक्षात येतं. तळ्याची जागा दुप्पट करून अडणारा कण सातवर आला होता. गवत नीट लागलं तर येणारा गाळच शंभराव्या हिश्शावर येऊ शकतो, आणि गवत बारीक-जाड असा भेद करत नाही. चिकणकणाला थांबवण्याची खरी जागा म्हणूनच तो पाण्यात उतरण्याआधीची. डंपरने कड्यावरून ओतलेली दगडमाती स्वतःच्या स्वभावाने पस्तीस-सदतीस अंशांवर थांबते. पर्यावरण मंजुरीच्या अटींत ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांच्या आत ठेवायला सांगतात, तो फक्त कोसळण्याच्या भीतीने नाही. मध्ये पायऱ्या काढून उतार तोडला की पाण्याला धावायला सलग लांबी मिळत नाही आणि घळी पडत नाहीत. या पायऱ्या बाहेरच्या अंगाला नव्हे, आतल्या बाजूला किंचित कलत्या हव्यात. हा तपशील चुकला तर पायरीच पन्हाळीचं काम करते आणि सगळं पाणी एका ठिकाणी फोडते. उतारावर काथ्याची जाळी, मारवेल, स्टायलो, कडेने वाळ्याच्या ओळी, हे सगळं माहितीतलं आहे आणि पाच-सहा हेक्टर जमीन घेऊन तळं खणण्यापुढे त्याचा खर्च फार नाही.

यावर खाणीचा माणूस म्हणेल की ढिगारा रोज वाढतो. ज्या उतारावर उद्या पुन्हा ओतायचं त्यावर आज गवत कसं लावणार? बरोबर आहे, आणि तळ्याचं काम नेमकं इथेच उरतं. चालू उताराला गवत नाही, म्हणून त्याचं पाणी तळ्यात आलंच पाहिजे. पण मग फक्त त्याचंच यावं. आजूबाजूच्या शेतांचं, गवत लागलेल्या जुन्या ढिगाऱ्याचं निर्मळ पाणी बाहेरच्या बाहेर वळवायला हवं. खाणीभोवतीची गारलँड ड्रेन या कामासाठीच असते. प्रत्यक्षात कित्येकदा एकच चर बाहेरचं आणि आतलं पाणी गोळा करतो आणि दोन्ही तळ्यात आणून ओततो. मग प्रवाह दुप्पट, आणि हेझनच्या भागाकारात तळं आपोआप निम्मं. आकाराची चूक याहूनही साधी असते. खड्डा चौकोनी, पाणी येण्याचं आणि जाण्याचं तोंड एकाच बाजूला. पाणी जवळचा रस्ता धरून मिनिटांत बाहेर पडतं आणि बाकीचं तळं डबक्यासारखं निवांत पडून राहतं. लांबी रुंदीच्या तिप्पट-चौपट ठेवली, दोन टोकांना दोन तोंडं दिली, सुरुवातीला भरड गाळासाठी एक लहान कप्पा वेगळा काढला आणि बाहेर जाणारं पाणी तळातून न घेता पृष्ठभागावरून घेतलं, तर तेच क्षेत्रफळ कितीतरी जास्त काम करतं. राहता राहिला उपसा. गाळाची राखीव जागा अर्धी भरली की पोकलेन लावायचं, आणि मृग लागण्याआधी तळं रिकामं असलंच पाहिजे. उपसलेला गाळ तळ्याच्याच काठावर टाकला तर पहिल्या सरीत तो परत आत येतो, हे सांगायला तज्ज्ञ लागू नये.

'जेवढं मोठं तेवढं चांगलं' या विचाराची आणखी एक बाजू आहे. मोठं तळं म्हणजे उंच बांध, आणि बांधाखाली गाव असू शकतं. वेस्ट व्हर्जिनियात बफेलो क्रीकच्या खोऱ्यात कोळसा धुतलेलं पाणी निवळण्यासाठी खाणीच्या टाकाऊ चुऱ्याचेच बांध घातले होते. जादा पाणी काढून देणारा पुरेसा सांडवा नव्हता. मुसळधार पावसात २६ फेब्रुवारी १९७२ च्या सकाळी वरचा बांध फुटला, १२५ माणसं मेली आणि चार हजारांहून जास्त बेघर झाली. चारच दिवस आधी तपासणी होऊन बांधाची स्थिती समाधानकारक ठरली होती. पावसाच्या पाण्याचं निवळण तळं आणि धुलाईच्या गाळाचं धरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कबूल. पण मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागलं की तो कशासाठी बांधला होता याने फरक पडत नाही. आपल्या मंजुरीपत्रांत तळ्याची क्षमता पन्नास वर्षांच्या पावसाच्या नोंदी पाहून आणि त्यावर पन्नास टक्के वाढीव धरून ठरवायला सांगतात. अट चांगली आहे. पण क्षमता वाढवण्याइतकाच आग्रह सांडव्याचा हवा, आणि हवामानशास्त्राच्या दृष्टीने मागची पन्नास वर्षं पुढच्या पन्नासांची हमी देत नाहीत. एक मोठं तळं बांधण्यापेक्षा ढिगाऱ्याच्या वेगवेगळ्या बाजूंना चार लहान तळी बांधणं मला म्हणूनच जास्त पटतं. क्षेत्रफळाची बेरीज तीच राहते, बांध ठेंगणे राहतात आणि एक तळं उपसायला घेतलं तरी बाकीची चालू असतात. देखरेखीची कटकट वाढते, हा त्यातला तोटा. पण देखरेख टाळता येईल असं निवळण तळं अजून कुणी बांधलेलं नाही.

आणि खाण बंद झाल्यावर? कोळसा संपला की पंप थांबतात, डंपर दुसऱ्या खाणीवर जातात, पण पाऊस त्याच उतारांवर पडत राहतो. अमेरिकेच्या नियमात याची एक नेमकी तरतूद आहे. उतारावर शेवटचं बी पेरल्यानंतर किमान दोन वर्षं तळं काढून टाकता येत नाही, आणि तेवढा काळ त्याची देखभालही करावी लागते. गवत पहिल्या वर्षी उगवतं. पण पेरणी-पाण्याच्या मदतीशिवाय ते पुढचा उन्हाळा काढून पुन्हा फुटतं का, हे दुसऱ्या वर्षीच कळतं. चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत तर ही परीक्षा जास्तच खडतर. भारतात कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाणी बंद करण्याच्या आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वं आणली, आणि त्या कामाचा पैसा खाण चालू असतानाच वेगळ्या एस्क्रो खात्यात टाकत जायचं ठरलं. या खात्यातल्या हिशेबात बिया, रोपं, कुंपण यांच्या जोडीला शेवटच्या पेरणीनंतरच्या दोन पावसाळ्यांपुरता पोकलेनचा आणि गाळ वाहण्याचा खर्च वेगळ्या ओळीत धरला पाहिजे. ती ओळ नसेल तर बंद खाणीची तळी पहिल्याच वर्षी काठोकाठ भरतील आणि दुसऱ्या वर्षीचा गाळ सरळ नाल्यात उतरेल.